थोरलीचा हात

२ नोव्हेंबर

ही वही मूर्ती सांधायच्या लेपाची प्रमाणं लिहायला आणली होती. आजपासून तिच्यात फुशारकी लिहिणार आहे. मारायला दुसरी जागाच नाही. नवऱ्याला सांगावं तर त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आज संग्रहालयाच्या तपासनीस बाई आल्या. चष्मा डोक्यावर, बोलणं मोजकं, चपला न वाजवता चालणं. आमची एकशे त्रेचाळीस कार्डं, दर वस्तूचं एक, त्यांनी टेबलावर मांडून घेतली आणि एकेक वस्तू पाहायला लागल्या.

'आमची' म्हणते खरी, पण वस्तू साहेबांच्या. साहेब युरोपातून इथे आले ते पस्तिशीत. घरची श्रीमंती गडगंज, मागे पाश नाही. दोन वर्षांसाठी आले होते, त्याला शेहेचाळीस वर्षं झाली. भाजलेल्या मातीच्या जुन्या मूर्ती, रांजण, दिवे, खेळणी, जे दिसेल ते घेत गेले. पण त्यातलं धड आलेलं किती? बारा नग. बाकीचं टोपल्यांतून, पोत्यांतून, एकदा तर धुण्याच्या बादलीतून आलं. ते आधी माझ्या बाबांनी जोडलं आणि बाबांनंतर मी. साहेब बाबांना 'मिस्त्री' म्हणायचे. मी सातव्या वर्षापासून बाबांच्या शेजारी बसते म्हणून मी 'छोटे मिस्त्री'. आता अठ्ठेचाळिशी आली तरी छोटीच.

तर बाई थोरलीपुढे थांबल्या. थोरली म्हणजे संग्रहातली सगळ्यात जुनी मूर्ती. बसलेली बाई आहे, बसलेलीच माझ्या कमरेएवढी. डावा हात मांडीवर टेकलेला, उजवा पुढे आलेला, तळवा वर. बाई तिच्यापुढे वीस मिनिटं उभ्या. चष्मा खाली, चष्मा वर. मग म्हणाल्या, "असा हात मी आजवर पाहिला नाही. सगळी मूर्ती एकीकडे आणि हा हात एकीकडे."

मी मागे फडकं घेऊन उभी होते. चेहरा अगदी मख्ख ठेवला. आतून मात्र उकळी फुटत होती, कारण तो हात मी केलाय.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरली आली ती उजव्या मनगटापासून तुटलेली. साहेबांनी पोतं माझ्या हवाली केलं आणि ते महिनाभर बाहेरगावी गेले. बाबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी घरी. कामाच्या खोलीत मी एकटी, वय सव्वीस, अंगात मस्ती. बाबांचे नियम मला तोंडपाठ होते. सांधा सहा फुटांवरून दिसू नये, पण सहा इंचांवरून लपू नये. जे हरवलं ते हरवलं, मनानं घडवायचं नाही. आणि गोंद असा वापरायचा की उद्या कुणाला उलगडावंसं वाटलं तर उलगडता आलं पाहिजे. पहिले दोन मी धाब्यावर बसवले. मी डावखुरी. उजवा हात समोर धरला आणि डाव्यानं तस्साच घडवला. लेप तिच्या मूळ मनगटावर अर्धं बोट चढवून असा विरत नेला की भिंग लावलं तरी सांधा सापडू नये. साहेब आल्यावर सांगून टाकलं, हातही पोत्यातच होता, तुकडे तुकडे झालेला. साहेब "अस्सं!" म्हणाले आणि बराच वेळ हाताकडे बघत राहिले. विषय संपला.

बाबांनाही तेच सांगितलं. बावीस वर्षांत कुणाला कळलं नाही, आज संग्रहालयालाही कळलं नाही. वा गं मी!

५ नोव्हेंबर

आज साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. "छोटे मिस्त्री, कार्डं सगळी भरलीस ना? दुरुस्तीचा रकाना बघ. काही राहिलं असेल तर भर."

"भरलीत साहेब."

"थोरलीचं?"

"तेही. मानेजवळ चीर होती, बुजवली, असं लिहिलंय ना!"

"बरं," म्हणाले. दर वर्षी साफसफाईच्या वेळी हेच विचारतात, आणि दर वर्षी थोरलीचं कार्ड माझ्यापुढे सरकवतात. एक्क्याऐंशी झाली, म्हातारपणी माणसाला एकाच गोष्टीचा घोर लागतो. पाहुणे आले की त्यांचा खेळही ठरलेला. प्रत्येकाला थोरलीपुढे नेऊन विचारणार, "हिच्यात सगळ्यात सुंदर काय?" पाहुणा म्हणणार, हात. मग साहेब माझ्याकडे बघून हसणार. बिचारे! इतका हुशार माणूस, आणि मी त्यांना बावीस वर्षं उल्लू बनवतेय. कधी कधी वाईट वाटतं, पण ते कधी कधीच.

साहेबांची तब्येत उतरली आहे. डॉक्टरांनी जिना बंद केलाय. त्यांना सगळा संग्रह संग्रहालयाला द्यायचाय. फुकट, पण एकगठ्ठा, आणि याच गावात. "या वस्तू इथल्या मातीच्या आहेत, त्या इथेच राहतील," असं ते मी लहान होते तेव्हापासून म्हणतात. संग्रहालयाच्या मंडळाची बैठक दहा डिसेंबरला. त्यांची अट एकच, सगळी कार्डं खरी पाहिजेत. एक खोटं निघालं तर बाकीच्या एकशे बेचाळिसांवर कोण विश्वास ठेवणार?

आणि मंडळ नाही म्हणालं तर साहेबांचा पुतण्या टपलेला आहेच. मागच्या आठवड्यात युरोपातून येऊन वरच्या खोलीत उतरलाय. त्याला सगळं पेट्यांत भरून तिकडे लिलावात काढायचंय. साहेबांकडे वस्तू देशाबाहेर न्यायचे जुने परवाने आहेत, त्यामुळे त्याला कुणी अडवूही शकत नाही. साहेबांनी एकदा दमून त्याला शब्द दिलाय, इथे नाही घेतलं तर तू ने.

९ नोव्हेंबर

पुतण्या टेप घेऊन दालनात फिरतोय. रांजणांची मापं घेतली, थोरलीचीही घेतली. टेपचं पत्र्याचं टोक तिच्या नाकाला लागणार होतं, मी मध्ये हात घातला. म्हटलं, "शर्ट शिवायचाय का तिला?" त्याला भाषा येत नाही. "थँक्यू," म्हणाला.

१४ नोव्हेंबर

आज घात झाला.

संग्रहाची बातमी पेपरात आली आणि फोटो कशाचा, तर थोरलीच्या हाताचा! पाव पान भरून. आमचे हे दुकानात बसून पेपर वाचतात. शिंपी माणूस, नजर टाक्याटाक्यावर. दुपारी जेवायला आले ते पेपर फडकवतच.

"अगं, हा तर तुझा हात!"

"काहीतरीच काय!"

"काहीतरी कसं? करंगळी बघ. दारात सापडून वाकडी झालेली. बावीस... नाही, चोवीस वर्षं हाच हात मला वाढतोय, मला कळणार नाही?"

मग काय, सगळं सांगावं लागलं. ऐकून ते घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी गिऱ्हाइकाचा कोट मोठा करतो तेव्हा जुनी शिवण आत ठेवतो. उद्या दुसऱ्या शिंप्यानं उसवला तर त्याला कळलं पाहिजे मूळ कुठे होतं. तू तर सगळंच झाकलंस."

"शिकवू नका," म्हटलं. "मला हे बाबांनी शिकवलंय."

"म्हणूनच म्हणतोय," म्हणाले आणि भात मागितला.

त्यांना पेपरातल्या फोटोत कळलं याची मला धास्ती वाटतेय. पण ते नवरा आहेत. रोज माझा हात बघणारं दुसरं आहेच कोण?

१६ नोव्हेंबर

डोकं तापलंय.

तपासनीस बाईंनी थोरलीवर टिपण लिहिलंय. नव्या दालनात थोरलीच्या शेजारी लावायचं. आज साहेबांना वाचून दाखवलं. मी चहा ओतत होते. "या मूर्तीचं मर्म तिच्या हातात आहे. काही मागणारा, स्वीकारणारा हा तळवा. हा घडवणारा पुरुष कोण होता ते आपल्याला कधीच कळणार नाही, पण त्याच्या बोटांत..." वगैरे वगैरे.

पुरुष! त्याच्या बोटांत! चहा बशीत सांडला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी मिशाळ बाप्याला माझ्या हाताचं श्रेय! मी तीन आठवडे खपले, डोळे खोबणीत गेले, आणि बाई डोळ्यांत पाणी आणून वाचतायत त्याच्या नावानं.

साहेब डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "टिपण चांगलं आहे. पण छापायची घाई नको. एक कार्ड अजून भरायचं राहिलंय."

"कुठलं?" बाईंनी विचारलं.

"भरेल ते," साहेब म्हणाले. हल्ली असं मध्येच काहीही बोलतात.

१८ नोव्हेंबर

झोप नाही. गप्प बसले तर मंडळ हो म्हणणार, वस्तू इथे राहणार, साहेब सुखानं डोळे मिटणार. तोंड उघडलं तर दहा तारखेला सगळं बोंबललं. रांजण, दिवे, बाबांनी सहा महिने खपून जोडलेला तो मातीचा घोडा, सगळं गवतात गुंडाळून बोटीवर. आणि कारण कोण? मी.

म्हणजे गप्प बसणंच शहाणपणाचं. शहाण्या माणसानं काय करावं ते मला पक्कं कळतं.

२० नोव्हेंबर

बोलले.

मला कुणी साधू म्हणू नये. खोटेपणा सलत होता म्हणून बोलले नाही. बावीस वर्षं कुठे सलला? माझं काम दुसऱ्याच्या नावावर खपत होतं, ते मला खपलं नाही. एवढंच.

झालं असं. दालनात बाई, साहेब आणि पुतण्या. बाई फोटोवाल्याला सांगत होत्या, "हातावर उजेड घ्या. त्या कारागिराला न्याय मिळू दे. कोण होता बिचारा, कुणास ठाऊक."

"बिचारा नव्हता," मी म्हटलं. "बिचारी होती. आणि मेलेली नाही, इथे उभी आहे."

फडकं खाली ठेवलं आणि माझा उजवा हात थोरलीच्या हाताशेजारी धरला, तळवा वर. करंगळीला करंगळी. फोटोवाला "अरे बापरे" म्हणाला. बाईंचा चष्मा आपोआप डोक्यावरून नाकावर आला. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा तिच्या, आणि त्यांच्या मानेपर्यंत लाली चढली. मी सगळं सांगितलं. पोतं, तीन आठवडे, मनगटावर चढवलेला लेप, साहेबांना मारलेली थाप.

"म्हणजे मी तुमच्या हातावर चार पानं लिहिली," बाई म्हणाल्या.

"चांगली लिहिलीत," मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

साहेबांकडे बघायचा धीर होत नव्हता. वाटलं, छातीत कळ येईल आणि माझ्या माथी पाप. बघितलं तर साहेब हसत होते! धक्क्यानं माणसाचं असं होतं म्हणतात. त्यांनी कोटाच्या खिशातून थोरलीचं कार्ड काढलं. ते खिशात कशाला ठेवलं होतं देव जाणे. पेनाचं टोपण काढून दोन्ही माझ्या हातात दिलं. "लिही, छोटे मिस्त्री. सावकाश लिही, अक्षर चांगलं काढ."

मी लिहिलं. उजवा हात नवा. खाली माझं नाव आणि साल. साहेबांनी कार्ड दोनदा वाचलं, फुंकर घालून शाई वाळवली. त्यांना परिस्थिती नीट कळली नसावी. पुतण्याला मात्र न सांगता कळली. तो फोन करायला बाहेर गेला आणि दुपारी सुतार पेट्यांच्या फळ्या उतरवून गेला.

२१ नोव्हेंबर

बाई आल्या त्या सरळ माझ्यापुढे उभ्या. "एक खोटं निघालं. आता मला सगळ्याच वस्तूंचे सगळे सांधे बघायचेत. तुम्ही दाखवायचे, मी तपासायचे. एकही लपवलात तर मी मंडळाला सांगेन, घेऊ नका."

"बसा," मी म्हटलं.

२८ नोव्हेंबर

आठ दिवस लिहायला सवड नाही. एकशे एकतीस नग, प्रत्येकाचा प्रत्येक सांधा. मी सुईच्या टोकानं दाखवते, बाई भिंग लावतात. पहिले दोन दिवस त्या माझ्याशी 'पुढचा' याशिवाय शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बाबांचा घोडा आला. दोनशे बारा तुकडे. सहा फुटांवरून सलग घोडा, जवळ गेलं की एकूणएक रेघ दिसते, कुठे लपवाछपवी नाही. बाईंनी भिंग खाली ठेवलं.

"हे कुणी केलं?"

"माझ्या वडिलांनी. त्यांचं नाव कार्डावर आहे."

"ते असते तर मी त्यांच्याकडे शिकायला आले असते."

"मी शिकलेय की त्यांच्याकडे," मी म्हटलं.

बाई हसल्या. मग चहा घेतला. मग म्हणाल्या, "एवढं येत असताना तो उद्योग कशाला केलात हो?"

"येत होतं म्हणूनच," म्हटलं. आजवर ही गोष्ट मी स्वतःलाही इतकी सरळ सांगितली नव्हती. बाबा परत आले तेव्हा त्यांची पट्टी नुकतीच निघाली होती. त्यांनी थोरलीच्या मनगटावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "जुनाच आहे ना गं हात?" मी म्हटलं, "हो." ते परत कधी विचारायला आले नाहीत. बाबांशी मी खोटं बोलले ते एकदाच. आता ते जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज बाईंपुढे मला रडू आलं. बाईंनी भिंग पुसायचं सोंग केलं.

एकशे तीस सांधकामं चोख निघाली. चूक ती एक.

२ डिसेंबर

बाईंनी मंडळाच्या अध्यक्षांशी बोलून आणलं. सगळं घेतील, पण थोरलीचा हात काढायचा. दहा तारखेच्या आत. मूर्ती आली तशी हवी. त्यांच्याकडचा माणूस पाठवतील.

"माणूस कशाला?" मी म्हटलं. "मी बांधलं, मीच उसवीन."

"जमेल?" बाई म्हणाल्या. "म्हणजे, मनाला?"

"मनाचं सोडा. गोंद बाबांच्या नियमाचाच आहे, निघेल."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली, उठून माझा हात हातात घेतला आणि परत मशीनवर बसले. जरा वेळानं म्हणाले, "फोटो कापून ठेवलाय मी. पेपरातला."

६ डिसेंबर

काल आणि आज मिळून हात निघाला. काय दिसलं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच नाकारेन.

कोमट पाण्याचे कापसाचे बोळे मनगटाभोवती बांधले, दर तासाला बदलले. काल संध्याकाळी लेप मऊ झाला. आज सकाळी तो लाकडी पातीनं सोलत गेले, कडेपासून आत. मूळ मनगटावर मी चढवलेला अर्ध्या बोटाचा थर निघाला आणि खाली तिची माती लागली. अकरा वाजता हात सुटून माझ्या मांडीवर आला. अलगद सुटला, थोरलीला ओरखडा नाही. मी तो बाजूला ठेवला आणि तिच्या मनगटाकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मनगटाच्या वरच्या अंगाला, करंगळीकडे, एक अर्धा उंचवटा आहे. मनगटाचं हाड. कुणीही आपला हात धरून बघावं. तळवा खाली केला की ते हाड वर येतं, तळवा वर केला की ते खाली जातं. थोरलीचं वर आहे. म्हणजे तिचा तळवा खाली होता. ती काही मागत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर तो उंचवटा मला तेव्हाही दिसला होता. आठवतंय ना मला! माझ्या लेपाला तो आडवा येत होता, सांधा लपेना, म्हणून मी त्याच्यावर थर चढवला. तिनं सांगितलं होतं हात कसा होता. मी ऐकलं नाही, कारण माझा हात जास्त सुंदर दिसत होता.

बाईंना बोलावलं. त्यांनी उंचवटा पाहिला, मग स्वतःचं मनगट फिरवून पाहिलं. मग आम्ही दोघींनी एकाच वेळी तिच्या गुडघ्याकडे बघितलं. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पुढे आलेल्या हाताच्या बरोबर खाली, तळाच्या पाटावर एक खडबडीत जागा आहे. सगळे म्हणायचे झिजलेली आहे. झिजलेली नाही, तिथून काहीतरी तुटलंय. दोन लहानसे ठसे, शेजारी शेजारी.

"पावलं," बाई म्हणाल्या.

तिथे मूल उभं होतं. थोरलीचा हात त्याच्या डोक्यावर होता.

मला लाज वाटली. इतकी की उठून बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. बावीस वर्षं मी एका आईला हात पसरायला लावला. लोक आले, वा वा करून गेले, आणि त्या मुलाचा पत्ता माझ्या लेपाखाली.

बाई नळापाशी आल्या. म्हणाल्या, "हे शोधलं कुणी, तर तुम्ही. नव्या टिपणात तुमचं नाव जाईल."

"झाकलं कुणी तेही लिहा," मी म्हटलं. लिहितील. दोन्ही लिहितील. मला चालेल. नाव नीट लिहा म्हटलंय.

१० डिसेंबर

मंडळ हो म्हणालं! एकमतानं! नव्या टिपणाचाच जोर पडला म्हणे. पुतण्यानं साहेबांशी हस्तांदोलन केलं आणि परतीचं तिकीट काढलं. फळ्या सुतारानं परत नेल्या. आमचे हे दुपारीच दुकान बंद करून मला घ्यायला आले आणि साहेबांना म्हणाले, "बायको माझी आहे, अभिमान तुम्ही वाटून घ्या." साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. दोघं बावळटासारखे हसत बसले, आणि मी तिथेच उभी होते हे विसरले.

१४ डिसेंबर

उद्या वस्तू हलणार. आज बाई शेवटच्या गुंडाळ्या बघायला आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता हात कसा होता ते कळलंय. तुम्ही नवा करा. तळवा खाली, सांधा दिसता. मी परवानगी काढते. तुमच्याइतका कुणाला जमणार नाही."

ही मागणी दोन महिन्यांपूर्वी आली असती तर मी नाचले असते. "नाही करायचा," मी म्हटलं.

"का? येत नाही का?"

"येतो म्हणून. मनगट कसं वळलं होतं ते मला माहीत आहे, बोटं कशी होती ते माहीत नाही. मी केलेली बोटं इतकी चांगली होतील की परत कुणी तिच्याकडे बघणारच नाही."

बाईंनी माझे दोन्ही हात दाबले आणि गेल्या. असं नाही म्हणता येणं हे हात घडवण्यापेक्षा मोठं काम आहे. हे मीच माझ्याबद्दल लिहितेय, कारण दुसरं कोण लिहिणार!

साहेबांनी ऐकलं होतं. थोरली अजून गुंडाळायची होती, खुर्ची तिच्यासमोर घेऊन बसले होते. म्हणाले, "बरोबर केलंस. संग्रहालयासाठी नकोच. पण छोटे मिस्त्री, ते नवं दालन वरच्या मजल्यावर आहे. डॉक्टर मला जिना चढू देत नाहीत. उद्या ही गेली की मला परत दिसायची नाही. शेहेचाळीस वर्षं मी मोडक्या वस्तू बघितल्या. एकदा मला हिला पुरी बघायचीय."

एका रात्रीत हात होत नाही, आणि होत असता तरी मी केला नसता. त्यांनाही ते माहीत होतं. डोळे मात्र तिच्यावरून हलेनात.

मग मी थोरलीच्या उजवीकडे गुडघ्यांवर बसले. बाही वर सारली. माझं मनगट तिच्या तुटक्या मनगटाला अगदी टेकवलं, आणि तळवा खाली करून, तिथे मूल असतं त्या उंचीवर, हात धरला.

साहेब पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. आधी हाताकडे बघितलं, मग थोरलीच्या चेहऱ्याकडे, मग माझ्याकडे, आणि नंतर बराच वेळ हाताखालच्या रिकाम्या जागेकडे. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"झालं का साहेब?" मी विचारलं.

"नाही," म्हणाले. "थांब जरा."

दंडापर्यंत हात भरून आला. मी काढला नाही.